जर्मनसारखी भाषा बनवतोयस ना, मग हे बघ

तुझ्या नव्या काल्पनिक भाषेची शब्दांची यादी वाचली रे, मेहनत दिसते पण जर्मन शब्दातलं एखादं अक्षर बदललं की नवी भाषा होत नाही. आधी जुनं मूळ ठरव मग ध्वनी बदलायचे नियम, आणि ते सगळ्या शब्दांना सारखेच लाव. याकोब ग्रिम या जर्मन भाषा-अभ्यासकानं १८२२ मध्ये मांडलेला नियमच घे की, संस्कृत, इंग्रजी, जर्मन यांच्या एकाच जुन्या मूळ भाषेतल्या प चा इंग्रजी-जर्मनकडं फ झाला, द चा ट, म्हणून संस्कृतातला पाद (पाय) इंग्रजीत फूट आणि दंत इंग्रजीत टूथ, पुढं जर्मनमध्ये त्याच ट चा त्स होऊन त्सान.

अर्थ पण सरकू दे. इंग्रजी डिअर म्हणजे आधी कुठलंही जनावर, जर्मन टीअर अजून तसंच आहे, इंग्रजीत फक्त हरीण उरलं. संस्कृतातल्या मृगाचं पण तेच झालं, म्हणून तर सिंहाला मृगेंद्र म्हणतात! मला हे लै आवडतं.

उसने शब्द हवेतच. आपल्या सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू एकाच गल्लीत ऐकू येतात, अक्का कन्नडकडनं आली, चादर फारसीतनं. फक्त उशिरा आलेल्या शब्दाला जुना नियम लावू नको, फादरमध्ये फ आहे पण लॅटिनमधनं नंतर आलेल्या पॅटर्नलमध्ये (वडिलांकडचा) प तसाच राहिला. नाती, अवयव, आकडे आधी कर आणि प्रत्येकापुढं मूळ रूप लिहीत जा.