ग्रेंडेल खलनायक का ठरतो?

प्रश्न : ‘बेवूल्फ’ हे जुनं इंग्रजी महाकाव्य वाचतेय. ग्रेंडेल राक्षस, म्हणून खलनायक, हे समजलं. पण नायक बेवूल्फ भर दरबारात स्वतःची फुशारकी मारतो, राजाकडून बक्षिसं घेतो. मग तो आदर्श कसा?
– एक वाचक

उत्तर : ग्रेंडेलचा राक्षसीपणा घटकाभर बाजूला ठेवा. कवीनं त्याच्यावर ठेवलेला एक आरोप मला फार बोलका वाटतो. १२ वर्षं यानं माणसं मारली, पण समेट करायला किंवा भरपाईची दमडी मोजायला तयार नाही! राक्षसाकडून कसली भरपाई, असं आपल्या मनात येतंच. अँग्लो-सॅक्सन, म्हणजे जुन्या इंग्लंडच्या, कायद्यात मात्र जिवाची किंमत ठरलेली असे : वेसेक्स या तिथल्या राज्यात साध्या शेतकऱ्याची २०० शिलिंग, सरदाराची १२००. ती नातलगांना मिळाली की वैर मिटायचं, नाहीतर रक्ताचा बदला. ग्रेंडेल या व्यवहारालाच जुमानत नाही. बायबलमधल्या, भावाचा खून करणाऱ्या केनच्या वंशात कवी त्याला बसवतो, तेही मला याच्याशीच जोडलेलं दिसतं.

आता तुम्ही म्हणता ती फुशारकी. ती चारचौघांत घेतलेली शपथ असते, मागे फिरायची वाट बंद करणारी. बक्षिसांचंही तसंच : ती घेतली की धन्यासाठी मरायची तयारी हवी. बेवूल्फ तर डेन्मार्कमध्ये मिळालेला नजराणा मायदेशी परतल्यावर आपल्या राजापुढे ठेवतो. शेवटी ड्रॅगन समोर येतो तेव्हा त्याचे दहा सोबती रानात पळतात, एकटा विग्लाफ उभा राहतो. नंतर तो त्यांना तोंडावर सुनावतो : धन्यानं दिलेली शिरस्त्राणं, चिलखतं वाया गेली, आता तुमच्या कुळाचा जमिनीवरचा हक्कही जाईल. इंग्लंडमधल्या मॉल्डनच्या ९९१ मधल्या लढाईवरच्या कवितेत गॉड्रिक पळतो, तोही मेलेल्या धन्याच्याच घोड्यावरून. लोकांना वाटतं धनीच पळाला, आणि ढालींची फळी फुटते. त्या समाजाला याहून हलकट माणूस सुचला नसता.

मला खरी छळते ती ग्रेंडेलची आई. बेवूल्फनं मारलेल्या एकुलत्या मुलाच्या बदल्यात ती एकच माणूस मारून नेते, डेन्मार्कच्या राजाचा जिवलग सल्लागार एस्केर. त्यावर बेवूल्फ राजाला म्हणतो, शोक करत बसण्यापेक्षा मित्राचा सूड घेतलेला बरा. त्याच न्यायानं पाहिलं तर तिचं काय चुकलं? कवी तिला राक्षसीण म्हणतो खरा, पण तिचं दुःखही लपवत नाही. तो भाग सावकाश वाचा आणि तुम्हाला काय वाटलं ते जरूर कळवा.