ब्रिटिशांची 'गिनी' म्हणजे किती पैसे, आणि हे नाव आलं कुठून?

गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. १९७१ पर्यंत एक पौंड वीस शिलिंगांचा असे, त्यामुळे पौंडावर एक शिलिंग जास्त. हा आकडा मात्र सुरुवातीपासूनचा नाही.

१६६३ साली दुसऱ्या चार्ल्सच्या काळात हे सोन्याचं नाणं निघालं, तेव्हा ते वीस शिलिंगांचंच धरलं होतं. सोनं यायचं पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून. त्या किनाऱ्याला गिनी म्हणत, म्हणून लोकांनी नाण्यालाही तेच नाव दिलं. सोनं आणणाऱ्या आफ्रिकन कंपनीची खूण म्हणून काही नाण्यांवर राजाच्या मुंडक्याखाली चिमुकला हत्ती असे. हीच कंपनी पुढे गुलामांच्या व्यापारातही होती, हे हत्तीकडे कौतुकाने बघताना विसरायला नको.

नाणं सोन्याचं आणि हिशेब चांदीच्या शिलिंगांत, त्यामुळे भाव कधी स्थिर राहिला नाही. १६९० नंतरच्या दशकात गिनी तीस शिलिंगांपर्यंत चढली होती. शेवटी १७१७ मध्ये एकवीसवर कायदेशीर शिक्का बसला. त्यासाठीचा अहवाल लिहिला होता टांकसाळीचा प्रमुख आयझॅक न्यूटनने. हो, तोच.

१८१४ मध्ये गिनी पाडणं थांबलं, पण शब्द काही मेला नाही. डॉक्टर, बॅरिस्टर, चित्रकार आपली फी गिनीतच सांगत. पौंड दुकानदाराचा, गिनी साहेबाची! घोड्यांच्या लिलावात तर ती अजून जिवंत आहे. इंग्लंडातल्या न्यूमार्केट गावी घोडा शंभर गिनीला गेला, तर घेणारा १०५ पौंड मोजतो.

आता आपल्याकडची गंमत. आमच्या आजीच्या डब्यात मलमलीत गुंडाळलेली एक 'गिनी' होती. भिंगाखाली धरली तर एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला ड्रॅगनला तुडवणारा घोडेस्वार, खाली १९१८. सालाच्या जरा वर, जमिनीच्या रेषेवर, एक बारीकशी उभी रेघ. नीट पाहिलं तर ते इंग्रजी 'आय' अक्षर, इंडियाचं. म्हणजे ही गिनी नव्हेच, हा सॉव्हरिन! १८१७ पासून गिनीच्या जागी आलेलं एक पौंडाचं नाणं. १९१८ मध्ये लंडनच्या टांकसाळीची शाखा मुंबईत उघडली होती, तिथे हे पाडलं गेलं.

दोन्ही नाणी बावीस कॅरटची, दोन्ही साहेबाची, म्हणून आपल्या लोकांनी जुनंच नाव चालू ठेवलं असावं. आजीला मी हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "असेल बाबा. पण सोनार गिनीच म्हणतो."