एडिनबर्गला पीएचडीसाठी यावं का?

रोगप्रसाराच्या गणितावर पीएचडी करायला सात वर्षांच्या मुलाला घेऊन एडिनबर्गला यावं का, असं तुम्ही विचारलंत. व्हिसा आणि त्याची फी सरकारी साइटवर वाचालच.

या विषयातलं सर्वांत गाजलेलं मॉडेल याच गावातलं, 1927 चं. केरमॅक आणि मॅकेंड्रिक या दोन संशोधकांनी माणसांचे तीन गट केले: लागण होऊ शकणारे, लागण झालेले, आणि बरे झालेले किंवा दगावलेले. नव्या लागणी पहिल्या दोन गटांच्या गुणाकारावर ठरतात. पहिला गट आटत गेला की नव्या लागणीही घटतात, म्हणूनच सगळ्यांना लागण होण्याआधीच साथ ओसरू शकते. पडताळणीला आकडे घेतले मुंबईचे: डिसेंबर 1905 ते जुलै 1906, प्लेगचे दर आठवड्याचे मृत्यू. वक्र छान जुळतो. तो आलेख पहिल्यांदा पाहिला त्या दिवशी माझ्याकडून काहीच काम झालं नाही. शिखरावरचा एक ठिपका म्हणजे एका आठवड्यात गेलेली शेकडो माणसं, आणि मी इथे उबदार खोलीत बसून त्यांचा वक्र बघत होते. ते अजून माझ्या मनातून गेलेलं नाही.

माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे, हे त्या दोघांनीच लेखात मान्य केलंय. मॅकेंड्रिक डॉक्टर होता आणि हिमाचलमधल्या कसौलीत वर्षानुवर्षं काम करून आला होता. मॉडेलमध्ये काय सुटलंय, हे जमीन पाहिलेल्यालाच कळतं. म्हणून निघण्याआधी एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काही महिने काढा, आशाताईंबरोबर वस्तीत फिरा. इथून ते जमत नाही.

मुलाच्या शाळेचं मात्र नीट बघा. माझी लेक पाढे मराठीत म्हणायची. शिक्षिकेनं ते बंद करायला लावलं, आणि वर्गात बोलत नाही म्हणून गणिताच्या खालच्या गटात टाकलं, वर्षभर. मी पत्रं लिहिली, भेटी मागितल्या. दर वेळी गोड उत्तर आलं आणि गट तोच राहिला. आता ती गणितात छान आहे, पण पाढे म्हणत नाही. माझा राग अजून गेलेला नाही. तुम्ही पहिल्याच महिन्यात मुलाची वही घेऊन शाळेत जा.

एकटेपणा येतो. डिसेंबरात पावणेचारपर्यंत सूर्य मावळतो, तेव्हा जास्त येतो. निभतं.

गाइडला आधीच विचारा, आकडे कुठून येणार आणि दरवर्षी महिनाभर भारतात क्षेत्रकामाचा खर्च मिळेल का. होकार आला तर तो ऑफरच्या पत्रातच लिहून घ्या.