वाचकांचे प्रश्न : बगीच्यातला सेन्सर दर पाच सेकंदाला कशाला बोलतो?

प्रश्न : नमस्कार भाऊ, काटोलजवळ आमचा संत्र्याचा बगीचा आहे. पोराने ठिबकसाठी जमिनीतला ओलावा मोजणारे ६ सेन्सर बसवले, ईएसपी३२ चे (वायफायवाली छोटी चिप), वायफाय डोंगलला जोडून. पण बॅटरी दीड दिवसात बसते आणि डोंगलचा महिन्याचा डाटा दहा-बारा दिवसातच संपून जाते. मोठी बॅटरी घेऊ का मोठा पॅक मारू?
– एक वाचक, काटोल

उत्तर : भाऊ, दोन्ही नका घेऊ, आधी प्रोग्राम बदला. तुम्ही सोबत पाठवलेला प्रोग्राम पाहिला, त्यात दर ५ सेकंदाला रीडिंग जातंय, म्हणजे एका सेन्सरचे दिवसाला १७,२८० आणि सहांचे मिळून लाखाच्या वर. आता तुम्हीच सांगा, ठिबक बंद असताना आपल्या काळ्या जमिनीतला ओलावा पाच सेकंदात कुठे बदलतो, तासाभरात एखादा टक्का उतरला तरी खूप झालं.

बरं, रीडिंग तसं एवढंसंच असतं. ‘४२ टक्के’ हा आकडा एका बाइटमध्ये मावतो. पण तुमचा सेन्सर दरवेळी सर्व्हरशी नवीन सुरक्षित कनेक्शन जोडतो, ओळख पटवायला सर्टिफिकेटची देवाणघेवाण होते, त्यातच ३-४ केबी जातात, आणि एवढं सगळं एका बाइटसाठी! सहा सेन्सर धरले तर रोजचे ३००-४०० एमबी असेच उडतात, पॅक पुरेल कसा?

तर पोराला असं करायला सांगा. सेन्सरने दर १५ मिनिटांनी जागं व्हायचं, पाच रीडिंग घेऊन मधलं धरायचं, ते चिपच्या आरटीसी मेमरीत ठेवायचं (ही मेमरी डीप स्लीपमध्ये, म्हणजे चिप गाढ झोपली असतानाही, पुसली जात नाही) आणि वायफाय चालू न करताच परत झोपायचं. मागच्या पाठवलेल्या आकड्यापेक्षा ३ टक्के फरक पडला तरच वायफाय उघडून साठलेलं सगळं एकदम पाठवायचं. फरक पडलाच नाही तरी सहा तासांनी एकदा हजेरी लावायची, नाहीतर सेन्सर झोपलाय का बंद पडलाय हे कळणार नाही. ठिबक चालू असताना मात्र दर दोन मिनिटांनी मोजू द्या, तेव्हा ओलावा खरंच पळतो. आंबिया बहाराचा ताण (फुलं यावीत म्हणून तोडलेलं पाणी) सोडताना तर हे फार कामाचं आहे. किती टक्क्याला पाणी सुरू करायचं ते मात्र नागपूरच्या अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत विचारा, तो आकडा मी अंदाजाने नाही सांगणार.

पाठवायला एमक्यूटीटी वापरा, ही यंत्रांनी छोटे निरोप पाठवायची पद्धत आहे. १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर नजर ठेवायला हे बनवलं, तिथून माहिती सॅटेलाइटने यायची आणि ती लिंक महागडी, म्हणून याचं हेडर (प्रत्येक निरोपाआधी जोडली जाणारी माहिती) २ बाइटपासून सुरू होतं.

बॅटरीचं सांगतो. वायफाय चालू असताना ही चिप १०० मिलिअँपिअरच्या आसपास खाते, डीप स्लीपमध्ये १० मायक्रोअँपिअर, म्हणजे दहा हजार पट कमी. पण रात्री बगीच्यात जाऊन डबी उघडून बघा, बोर्डावर बारीक लाल लाइट जळत असेल. चिप झोपली तरी तो जागाच असतो आणि चिपपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतो, तो काढून टाका. सेन्सरलाही मोजण्यापुरताच करंट द्या. आणि मे महिन्यात डबी झाडाच्या सावलीत ठेवा, लिथियम सेल ४५ डिग्रीच्या वर चार्ज करायचा नसतो आणि आपल्याकडे पारा तिथे बऱ्याचदा जातो.

प्रश्न : घरचा वायफाय कॅमेरा चालू असला की नेट रडतं. मुलीचा ऑनलाइन क्लास अडकतो. काय करू?
– एक वाचक, प्रताप नगर, नागपूर

उत्तर : ताई, कॅमेरा दिवसरात्र २ एमबीपीएसने क्लाउडवर पाठवत असेल तर दिवसाचे २१ जीबीच्या वर होतात. रेकॉर्डिंग एसडी कार्डावर घ्या आणि हालचाल झाली तरच क्लिप वर जाऊ द्या. सेटिंगमध्ये एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) असेल तर निवडा, तेवढ्याच क्वालिटीला जुन्या एच.२६४ च्या जवळपास निम्मा डाटा लागतो. एक काळजी घ्या, फ्रेममध्ये कडुनिंबाची फांदी येत असेल तर तेवढा भाग डिटेक्शनमधून वगळा, नाहीतर वारा सुटला की कॅमेऱ्याला दर मिनिटाला चोर दिसेल.