छातीचा खळगा आणि केसपेपरवरचा एक शब्द

विट्याच्या दादा, तुमच्या २९ वर्षांच्या भावाच्या छातीला खळगा आहे, जिना चढताना धाप लागते आणि विमा कंपनीने "हे सौंदर्यासाठीचं ऑपरेशन" म्हणून कॅशलेस नाकारलंय, हे वाचून माझेच दिवस आठवले. मी सांगलीचा. एकतिसाव्या वर्षी माझ्या छातीत 'नस' (Nuss, हे सर्जनचं नाव) पद्धतीने, म्हणजे खळगा वर उचलायला छातीच्या हाडाखाली, धातूच्या दोन पट्ट्या घातल्या. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. घडलं ते सांगतो.

सीटी झालाच असेल. हॅलर इंडेक्स, म्हणजे छातीच्या रुंदीचं खोलीशी प्रमाण, नेहमीच्या छातीत साधारण अडीचच्या आसपास असतो, सव्वातीनच्या वर गेला की ऑपरेशनचा विचार करतात. माझा ४.१ होता. तरीही कंपनीने नाकारलं, कारण पहिल्या ओपीडीत मी "पोहायला गेलो की शर्ट काढायची लाज वाटते" एवढंच बोललो. धाप, धडधड काहीच सांगितली नाही. केसपेपरवर 'कॉस्मेटिक' लिहिलं गेलं. तो निळ्या शाईतला एक शब्द पुढच्या प्रत्येक कागदाला चिकटला. भावाला खरी लक्षणं तारखेसकट सांगायला लावा. इको (हृदयाची सोनोग्राफी), फुप्फुसांची तपासणी आणि जमल्यास व्यायामाची चाचणी करून घ्या. हृदयावर दाब असेल तर तसं सर्जनकडून स्पष्ट लिहून घ्या. खोटं मात्र काहीही लिहून घेऊ नका.

दुसरी चूक त्याहून मोठी. नकाराचं पत्र हातात असताना मी कंपनीच्या ऑफिसात खेटे घालत राहिलो. "फाइल वर पाठवलीय", "साहेब रजेवर आहेत", पुढच्या सोमवारी या. एकदा तर माझाच अर्ज मला दाखवून विचारलं, हा कुणाचा? लेखी पोच एकदाही घेतली नाही. वर्ष उलटलं आणि पुण्याच्या विमा लोकपालांकडे (विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारी ऐकतात ते) जायची मुदत गेली. द्राक्षाचे आलेले साडेचार लाख बिलात गेले. आजही राग येतो. तुम्ही आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही, नकारापासून वर्षाच्या आत अर्ज करा. पॉलिसीतला 'जन्मजात बाह्य व्यंग' हे कलमही वाचून ठेवा, बहुतेक तेच पुढे करतील.

मोठ्या वयात बरगड्या ताठर झालेल्या असतात, त्यामुळे दुखणं लहान मुलांपेक्षा जास्त असतं. वेदनेचं काय करणार, हे आधीच विचारा. बरगड्यांमधल्या नसा गोठवून बधिर करण्याची सोय काही ठिकाणी आहे. घड्याळाच्या पट्ट्याने खाज सुटत असेल तर तेही सांगा. स्टीलच्या पट्टीत निकेल असतं, टायटॅनियमची मिळते. परत येताना पेठ नाक्यापासून सांगलीपर्यंत मी उशी छातीशी धरून बसलो होतो, प्रत्येक खड्डा मोजला. पट्ट्या तीन वर्षांनी काढल्या. आता हरिपूरपर्यंत सायकलने जातो.

केसपेपरचा फोटो नाव झाकून इथे टाका, शब्द कुठे अडतोय ते बघून सांगतो.