खास नंबरच्या नोटांसाठी एफडीचे पैसे?

ताई, तुम्ही इंदूरच्या राजेंद्रनगरातून लिहिलंय की या महिन्यात दोन लाखांच्या एफडीची मुदत संपतेय आणि यजमानांना त्यातून शंभराच्या नोटांचा एक संच घ्यायचाय. एकाच प्रीफिक्समधल्या, म्हणजे नंबराआधी तीच अक्षरं-आकडे असलेल्या, ११११११, २२२२२२ अशा ९९९९९९पर्यंतच्या नऊ आणि शेवटची १०००००० नंबरची, अशा दहा नोटा. भाव १ लाख ८० हजार, वर शेवटी ७८६ हा शुभ मानला जाणारा आकडा असलेल्या काही नोटा. दोन वर्षांनी मुलाची कॉलेजची फी भरायचीय. माझं उत्तर स्पष्ट आहे: या पैशांतून घेऊ नका.

संच दुर्मीळ आहे, यात वाद नाही. एका प्रीफिक्समध्ये दहा लाख नंबर असतात, त्यात २२२२२२ एकदाच येतो. ७८६चं मात्र तसं नाही. त्याच दहा लाखांत शेवटी ७८६ असलेले नंबर एक हजार! ओळीने नंबर असलेली कोरी गड्डी तर बँकेत दर्शनी किमतीलाच मिळते. आणि ‘देवासच्या छापखान्यातून थेट आलेला माल’ असं कोणी सांगितलं तर तिथून उठा. छापलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेकडे जातात, किरकोळीत विकल्या जात नाहीत.

आता हिशेब. १ लाख ८० हजारांवर सात टक्के व्याज धरलं तर दोन वर्षांत साधारण २ लाख ६ हजार होतात. विकताना व्यापाऱ्याने पंचवीस टक्के कापले, तर तेवढे हातात पडायला संचाचा भाव पावणेतीन लाखांच्या आसपास जायला हवा. शिवाय फीच्या तारखेला गिऱ्हाईक मिळायला हवं. यजमानांना त्याच व्यापाऱ्याला एवढंच विचारू द्या: ‘हाच संच उद्या परत आणला तर कितीला घ्याल?’ तो जो आकडा सांगेल, तीच संचाची आजची खरी किंमत.

ऑनलाइन विकायचा विचार असेल तर जपून. जुन्या नोटांच्या व्यवहारात रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन किंवा कर मागणाऱ्यांबद्दल बँकेने २०२१मध्येच सावध केलं होतं.

यजमानांची हौस मोडू नका, ती चांगली आहे. घरखर्चातून झेपेल तशी एकेक नोट घ्या, बिनघडीची. एका घडीनेही भाव उतरतो. लॅमिनेशन अजिबात नको. आणि एफडी फीच्या महिनाभर आधी संपेल अशी पुन्हा करून टाका.