उबुंटूवर स्वतःचा लिनक्स कर्नल (सिस्टमचा गाभा) कंपाइल करतोय पण तासन्‌तास चालतंय, वेळ कसा कमी करू?

उबुंटूच्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नलमध्ये काय काय घ्यायचं त्या यादीत, दुनियाभरच्या हार्डवेअरचे ड्रायव्हर असतात, म्हणून एवढा वेळ जातोय. आधी प्रिंटर, पेनड्राइव्ह, वायफाय डोंगल जे काय वापरता ते सगळं लावून घ्या आणि मग 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' (make localmodconfig) ही कमांड मारा, ते फक्त आत्ता लोड असलेली मॉड्यूल्स (ड्रायव्हर वगैरेंचे वेगळे तुकडे) ठेवतं, त्यामुळे जे लावायचं राहिलं ते नंतर चालणार नाही. 'कॅनॉनिकल-सर्ट्स' (उबुंटू बनवणाऱ्या कंपनीची सर्टिफिकेट्स) फाइल सापडत नाही असा एरर आला तर कॉन्फिगमधल्या ट्रस्टेड कीज आणि रिव्होकेशन कीज रिकाम्या करा. बिल्ड करताना '-j' ऑप्शनने प्रोसेसरचे सगळे कोर कामाला लावा. मग सुडोने (अ‍ॅडमिन हक्कांनी) आधी मॉड्यूल्स इन्स्टॉल करा, नंतर कर्नल; ग्रब (सुरू होताना कर्नल निवडणारा प्रोग्राम) आपोआप अपडेट होतं. सिक्युअर बूट (सही तपासूनच सिस्टम सुरू करू देणारी सोय) चालू असेल तर साइन न केलेला कर्नल बूटच होत नाही. आणि प्लीज, जुना कर्नल अजिबात काढू नका.